पडीक कुणाला म्हणता?



हा लेख गवतावर, झाडांवर आणि मोकळ्या जागेवर आहे. हसू नका. आपल्या बैठकीत हा विषय काढला की कुणीतरी हमखास म्हणतं, "हे भरल्या पोटाचे चोचले आहेत, आधी घराचं बोल." मी घराचंच बोलतोय. पण घराचं बोलायचं तर जमिनीचं बोलावं लागतं. आणि शहरातल्या रिकाम्या जमिनीचं बोलायला लागलं की दिसतं, तिथं उगवलेलं गवत, त्या गवतातलं मुंगूस आणि कडेला राहणारी आपली वस्ती, या तिघांचा निकाल एकाच टेबलावर, एकाच सहीनं लागतो. त्या टेबलाशी आपला माणूस बसलेला नसतो. म्हणून हा लेख.

आधी 'पडीक' हा शब्द घ्या. सातबाऱ्यावर ज्या जमिनीत पीक नाही ती 'पड', आणि जिच्यात पीक येणार नाही असं ठरवलं तो 'पोटखराबा'. त्या पोटखराब्यात बोरी-बाभळी असतील, तितर-ससे असतील, एखाद्या घराच्या चार शेळ्या त्याच्यावर जगत असतील. कागदाला त्याचं काय? ज्यातून सारा निघत नाही ते खराब. ही भाषा गावातून शहरात आली. ज्या जमिनीवर टॉवर नाही ती इथं पडीक. तिथं कोण राहतं, काय उगवतं, कोण घरटं करतं याचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

गावानं आपल्याला दिली तीही अशीच जमीन. मेलेलं ढोर ओढून गावाबाहेर न्यायचं काम महाराचं, आणि त्या वतनापोटी मिळालेल्या जमिनीचं नाव हाडकी-हाडोळा. हाडांची जमीन. तिथं वरून गिधाड उतरायचं, खालून कुत्रं-कोल्हं यायचं आणि मधे सुरी घेऊन आपला आजा उभा असायचा. गावाच्या हिशेबात तिघंही एकाच रांगेत. ही तुलना मी करत नाही, गावानं केली होती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा. १९५८ च्या कायद्यानं ती वतनं गेली. पुढं नव्वदीच्या दशकात डायक्लोफिनॅक टोचलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडंही पटापट मेली. २००६ मध्ये त्या औषधावर जनावरांपुरती बंदी आली. तेव्हा गावाबाहेर कुजणारं ढोर पाहून लोक हळहळायला लागले. घाण काढणारे दोघं होते. एकाला गावानं माणूस मानलं नाही आणि दुसऱ्याकडे ते संपेपर्यंत कुणी पाहिलं नाही.

आता चवदार तळं आठवा. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती. आपण ओंजळ भरली की तळं बाटत होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले ते गुरांना हाकलायला गेले नव्हते. जनावराला पाणी मिळतं हा अन्याय नव्हता, माणसाला मिळत नाही हा अन्याय होता. एवढं नीट धरून ठेवा, कारण आज शहरात तोच डाव उलट्या बाजूनं टाकला जातोय. बिबट्याला जागा पाहिजे, झोपडी उठवा. पाखराला जागा पाहिजे, वस्ती हटवा. आणि आपण चिडून म्हणतो, मरू दे तुमचा बिबट्या, मरू दे तुमचं पाखरू. डाव टाकणाऱ्याला आपल्याकडून हेच हवं असतं. तो बाजूला उभा राहून बघतो, आणि तेवढ्यात जमीन त्याच्या नावावर होते.

पुरावा पाहिजे? गिरण्यांचा घ्या.

मी सुतावर उभा राहणारा माणूस आहे, पण माझी गिरणी मुंबईबाहेरची. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत सुरू झालेला संप माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा, म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेला. त्याच म्हाताऱ्यांनी आणखी एक सांगितलंय. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणाई खात्यात घेत नसत. धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे, आणि महाराची थुंकी लागली तर दुसऱ्याचा धोटा बाटे. म्हणून जास्त मजुरीचं खातं त्यांचं आणि कमी मजुरीची कताई आपली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसाला लावला. ज्या गिरणीत एका छपराखाली आपल्याला बरोबरीची जागा नव्हती, ती गिरणी बंद पडल्यावर जमिनीच्या वाटणीत आपल्याला कोण विचारणार होतं?

तरीही कायद्यात आपल्यासाठी एक फट होती. मुंबईतल्या गिरण्यांखालची जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानं तिची ढोबळ तीन हिश्श्यांत वाटणी ठरवली. एक हिस्सा महापालिकेला, बागा-मैदानांसाठी. एक म्हाडाला, सामान्यांच्या घरांसाठी. एक मालकाला. म्हणजे घरालाही हिस्सा होता आणि गवतालाही. दोघांचं भांडण नव्हतं. भांडण लावलं ते २००१ साली. त्या वर्षी नियम बदलला आणि वाटणी सगळ्या जमिनीची न राहता, गिरणीच्या इमारती वगळून जी 'मोकळी' जमीन उरते तेवढ्याचीच ठरली.

आता गिरणी ज्यांनी आतून पाहिलीय त्यांना विचारा. गिरणी म्हणजे शेडला चिकटून शेड. मोकळं काय असतं? दरवाजापुढचं अंगण, कोळशाची जागा, पाण्याचा हौद. समजा, १२ एकरांची गिरणी आहे आणि ९ एकरांवर शेड आहेत. जुन्या नियमानं मोकळ्या जागेला ४ एकर आणि घरांना जवळपास तेवढेच. नव्या नियमानं वाटायला आले फक्त ३ एकर. त्यातला एकेक एकर घराला आणि गवताला. बाकीचं सगळं मालकाच्या खिशात. २००५ मध्ये हायकोर्टानं हा अर्थ फेटाळला. मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला. त्याच काळात, २००५ मध्येच, एनटीसीनं म्हणजे सरकारी महामंडळानं आपल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकूनही टाकल्या.

'मोकळी' या एका शब्दाचा अर्थ बदलला आणि गिरणगाव गेलं. लाखाहून जास्त गिरणी कामगारांनी आणि वारसांनी घरासाठी अर्ज केले. घर मिळालेले त्यातले थोडे, आणि उरलेल्यांना शेलू, वांगणी दाखवतात. ज्यांनी लालबाग-परळ उभं केलं त्यांनी तिथून दीड-दोन तासांवर जाऊन राहायचं. आणि हेच लोक आपल्याला विचारतात, तुम्हाला घरं पाहिजेत की झाडं? दोस्तहो, हा प्रश्न विचारणारा तिसरा हिस्सेदार आहे. त्यानं दोन्ही हिस्से खाल्लेत आणि ढेकर देत विचारतोय, तुमच्यापैकी उपाशी कोण राहणार? त्याला उत्तर द्यायचं नाही. त्याचं ताट मोजायचं.

इथं आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे, आपल्या लोकांना आवडो न आवडो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या झोपड्या उठवा म्हणून हायकोर्टात गेलेली संस्था बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप. १९९७ मध्ये कोर्टाचा आदेश झाला आणि पुढच्या वर्षांत हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरला. गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा वाचवा म्हणून २००५ मध्ये हायकोर्टात लढलेली संस्थाही तीच. मग ती आपली दोस्त की दुश्मन? माझं म्हणणं, हा प्रश्नच चुकीच्या खात्यात टाकलेला आहे. जंगल वाचवणारे लोक जंगलाच्या बाजूनं लढले. आपल्या बाजूनं लढणारं कोर्टात कुणी नव्हतं, दोन्ही वेळा. मोकळ्या जमिनीचा सवाल आपण कधी आपला मानलाच नाही, म्हणून तो नेहमी दुसऱ्यांनी मांडला, त्यांच्या भाषेत, त्यांच्या खिडकीतून दिसेल तेवढा. त्या खिडकीतून झोपडी 'अतिक्रमण' दिसते आणि टॉवर दिसतच नाही, कारण खिडकी टॉवरचीच असते.

खेड्यात आपण हा सवाल सोडला नव्हता. ६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. लाखो बायाबापड्या तुरुंगात गेल्या. मागणी साधी होती, पडीक जमीन कसणाऱ्याला द्या. मराठवाड्यात गायरानावर आपल्या लोकांनी डोकी फोडून घेतली, पीक जाळलेलं पाहिलं, तरी नांगर सोडला नाही. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचं सरकारला कबूल करावं लागलं ते या लढ्यामुळे. तो वारसा शहरात आल्यावर कुठं गेला? शहरातलं गायरान म्हणजे बंद गिरणी, भरलेली खाडी, रेल्वेच्या कडेची पट्टी, बंद झालेलं डंपिंग. त्यावर आपला दावा का नाही?

माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहिलंय का? धारावीला लागून, मिठीच्या काठावर, ३७ एकर. आज तिथं हजारो झाडं आहेत, शंभराहून जास्त जातींचे पक्षी दिसतात. १९९४ मध्ये ते लोकांना खुलं झालं. आणि त्याआधी काय होतं? मुंबईचं डंपिंग ग्राउंड. शहरानं टाकलेला कचरा. तो कचरा कुणी उचलला, कुणाच्या टोपलीतून, कुणाच्या डोक्यावरून गाडीत पडला, हे मी तुम्हाला सांगायला नको. मुंबईचं सफाई खातं कुणाच्या हाडांवर चाललं हे सगळ्यांना माहीत आहे. त्या फुलपाखरांच्या पायाखालची माती आपल्या बापांनी आणि आयांनी वाहिलेली आहे. म्हणून त्या जागेवर आपला हक्क पाहुण्याचा नाही. आणि त्याच जागेनं हेही दाखवलं की कचऱ्याच्या ढिगाचं दहा-बारा वर्षांत जंगल होतं. देवनारचं डंपिंग १९२७ पासून चालू झालं. २०१६ च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा धूर कुणाच्या छातीत गेला? गोवंडी-मानखुर्दच्या. तिथल्या पोरांना निसर्ग उद्यान नको, असं कोण ठरवतं?

केंद्र सरकारची २०१४ ची नगर नियोजनाची मार्गदर्शिका शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी म्हणते. मुंबईत माणशी दोन चौरस मीटरही नाही. एका माणसाला आडवं झोपता येईल एवढी. आणि तीसुद्धा सरासरी. मलबार हिलच्या माणसाची आणि लेबर कॅम्पच्या माणसाची बेरीज करून भागलेली.

बाहेरच्या देशातलं एक उदाहरण सांगतो, कारण आपल्या पँथरनं १९७२ मध्ये नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून. न्यूयॉर्कमध्ये सत्तरीच्या दशकात मालकांनी पडक्या इमारती सोडल्या, काही जाळल्या. गरिबांच्या, काळ्यांच्या, प्वेर्तो रिकन लोकांच्या वस्तीत रिकाम्या जागांचे उकिरडे झाले. लोकांनी विटा-काचा उचलल्या, माती आणली, बागा केल्या. भाज्या, झाडं, कोंबड्या, म्हाताऱ्यांना बसायला पडवी. भाव वाढल्यावर महापालिकेला आठवलं की जमीन तिची आहे. १९९९ मध्ये शंभरावर बागा लिलावाला काढल्या. लोक लढले, शेवटी काही संस्थांनी पैसे भरून त्या वाचवल्या. पण एस्पेरान्सा नावाची बाग लिलावात नव्हती, ती बिल्डरला दिलेली होती. लोकांनी तिथं एक प्रचंड बेडूक बांधला, कोकी नावाचा, प्वेर्तो रिकोचा बेडूक, आणि त्याच्या पोटात बसून रात्रंदिवस पहारा दिला. फेब्रुवारी २००० मध्ये बुलडोझर आला, माणसांना अटक झाली, बाग गेली. ज्या लोकांचा देश सुटला त्यांनी आपल्या मुलखातलं एवढंसं जनावर लढ्याचं निशाण केलं. त्यांना कुणी विचारलं नाही, तुम्ही बेडकाच्या बाजूचे की माणसाच्या?

आणि आपल्याला तर हे परकं वाटायचं कारणच नाही. अशोकानं रस्त्याकडेला वड लावले आणि दगडावर कोरून ठेवलं की ही सावली जनावरांना आणि माणसांना आहे. विहिरी खोदल्या त्याही दोघांसाठी. हा धम्माचा वारसा आहे. पिंपळाखाली ज्याला ज्ञान झालं त्याचे अनुयायी झाडाला 'बामणी चोचला' म्हणून सोडून देणार असतील, तर बामणांना आणखी काय पाहिजे?

मग करायचं काय? मोघम बोलून उपयोग नाही. मागण्या नीट लिहा.

एक. आधी कागद. वस्तीशेजारच्या रिकाम्या जागेचा सिटी सर्व्हे नंबर काढा, मालमत्ता पत्रक काढा, विकास आराखड्यात तिच्यावर काय आरक्षण आहे ते माहितीच्या अधिकारात विचारा. बऱ्याच वेळा ती कागदावर मैदान, दवाखाना किंवा घरांसाठी राखीव निघते.

दोन. आधी संडास आणि कचरागाडी, मग पाखरं. ज्या वस्तीत संडास नाही तिथं मोकळी जागा म्हणजे बायांनी अंधार पडायची वाट बघायची जागा. ज्या ठिकाणी कचरा पडतो तिथं उंदीर येतात, उंदरामागं नाग-घोणस येतात, आणि साप चावल्यावर इस्पितळात लस असेल का याची खात्री नसते. जो निसर्गप्रेमी या तीन गोष्टींवर बोलत नाही त्याच्याशी पुढचं बोलायचं नाही.

तीन. जागा सपाट करू नका. बुलडोझर फिरवून, वर लाल माती टाकून, हिरवळ लावून, कारंजं बसवायचं, हा ठेकेदाराचा निसर्ग. त्याला रोज टँकरनं पाणी लागतं आणि वस्तीच्या नळाला तासभर पाणी. जे आपोआप उगवलंय त्यातलं निम्मं तसंच ठेवा. उंबर, पिंपळ, करंज, पांगारा, सावर राहू द्या. एक उंबर वर्षातून कितीदा फळतो आणि किती तोंडं जगवतो, ते त्याच्याखाली तासभर उभं राहून बघा. गवत पावसाळ्यात तोडू नका, तेव्हा त्यात अंडी-पिल्लं असतात. दिवाळीनंतर, बी झडल्यावर, अर्धं या वर्षी अर्धं पुढच्या, असं कापा. नाहीतर उन्हाळ्यात वणवा लागतो. पावसाचं पाणी साचायला खळगा ठेवा, आणि डासांचं भय असेल तर त्यात मासे सोडा.

चार. पोरांना मैदान त्याच जागेत. क्रिकेटला, कबड्डीला, लेझमाला एक कोपरा, आणि गवताचा कोपरा वेगळा. दोन्ही एकमेकांत घुसणार नाहीत अशी पायवाट मधे. दिवे पायवाटेपुरते, खाली तोंड केलेले; बायांना वाट दिसली पाहिजे आणि घुबडाला रात्र.

पाच. गिरणीच्या, कारखान्याच्या जमिनीत रंगाचं पाणी, तेल, ॲसबेस्टॉस मुरलेलं असू शकतं. माती तपासल्याशिवाय तिथं भाजी लावायची नाही, पोरांना खेळवायचं नाही. तपासणीचा खर्च ज्यानं तिथं नफा कमावला त्याचा.

सहा. दाराला तिकीट नको, कुलूप नको. बागांच्या वेळा बघा, सकाळी आणि संध्याकाळी. त्या वेळा फिरायला जाणाऱ्यांच्या. तिसऱ्या पाळीचा माणूस सकाळी सात-आठला सुटतो, खोलीत आठ जण, झोप कुठं घेणार? त्याला दुपारी बाराला झाडाखालचा बाक पाहिजे. मी एकदा अशाच एका बागेत डबा सोडून बसलो तर वॉचमननं उठवलं, "इथं झोपायला परवानगी नाही." मी झोपलो नव्हतो, जेवत होतो. पण माझ्या कपड्यांवर रुई होती.

सात. या जागेवर काम करणारे कायम कामगार पाहिजेत, ठेकेदाराचे नाहीत. २०१७ मध्ये मुंबईच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांच्या बाजूनं सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला, तो वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर. तोच लढा पुन्हा बागेत लढायला लावू नका. आणि झाडू एका जातीच्या हातात, दुर्बीण दुसऱ्या जातीच्या गळ्यात, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. आपल्या पोरींना पाखरांची, किड्यांची, झाडांची नोंद करायला शिकवा आणि त्या नोंदीचे पैसे द्या.

आठ. कारभार वस्तीच्या समितीकडे. निम्म्या बाया. पालिकेचा अधिकारी तिथं उत्तर द्यायला येईल, अध्यक्ष व्हायला नाही.

आता एक गोष्ट आपल्यातली. रिकामी जागा दिसली की एका टोकाला शेंदूर फासलेला दगड उगवतो, दुसऱ्या टोकाला आपण निळा झेंडा रोवतो. दगडाला उत्तर म्हणून झेंडा, हे मला कळतं. झेंडा नसता तर कित्येक वस्त्या आज जागेवर नसत्या. ६ डिसेंबर २०११ ला कार्यकर्ते इंदू मिलमध्ये घुसले नसते तर ती साडेबारा एकर जमीन स्मारकाला मिळाली नसती, हेही खरं. गिरणीची जमीन मागून नाही, घुसून मिळते, हे आपणच सिद्ध केलंय. पण झेंडा रोवल्यावर पुढं काय? चबुतरा, फरशी, ग्रील, आणि मग त्या ग्रीलवर नगरसेवकाचं नाव. झाड तोडून फरशी घालणार असू तर आपल्यात आणि ठेकेदारात फरक एवढाच की त्याला पैसे मिळतात. विहार बांधा, जरूर बांधा. त्याच्या अंगणात पिंपळ ठेवा, एका खोलीत वाचनालय करा, बाकीची जमीन उघडी ठेवा. उघडी जमीन ही आपल्या लोकांना या देशात कुणी कधी दिलेली नाही. ती मिळाल्यावर पहिल्यांदा सिमेंटनं झाकायची, हे बरोबर नाही.

ज्यांना वाटतं हे सगळं घरं मिळाल्यावर बघू, त्यांना विचारतो, घर म्हणजे काय? सातव्या माळ्यावरची बंद खोली, जिच्या खिडकीला हात लावला तर समोरच्या इमारतीची भिंत लागते? पुनर्वसनाच्या अशा इमारती तुम्ही पाहिल्यात. तिथं माणसं झोपडीतून सुटली आणि क्षयात अडकली. ऊन आणि वारा घराचाच भाग आहे. तो मागितला नाही तर चौरस फूट मिळतील, घर मिळणार नाही.

आपण गावकुसाबाहेर राहिलो. कुसाबाहेर म्हणजे पडीकात. त्या पडीकाची झाडं, औषधं, पाखरं, बिळं आपल्या म्हाताऱ्यांना जेवढी माहीत होती तेवढी कुठल्या प्रोफेसराला नव्हती. ते ज्ञान आपण लाजेपायी टाकून दिलं, कारण त्याला गावाचा वास येत होता. वास गावाचा होता, ज्ञान आपलं होतं. ते परत घ्यायचं.

येत्या रविवारी शाखेच्या बैठकीत दुसरं काही नको. आपापल्या वस्तीशेजारच्या एकेका रिकाम्या जागेचा सर्व्हे नंबर, तिच्यावरचं आरक्षण, तिथं कोण राहतं, काय उगवतं आणि कुणाचा डोळा आहे, एवढं एका पानावर लिहून आणा. पुढच्या अंकात ती यादी छापू.

जयभीम.